एका मिनिटाचं काम

सदरा वर कर, म्हणते मी.
आधी बाळ शांत होऊ दे.
रडणाऱ्या पोराचे श्वास मोजायचे नसतात,
मोजलं जातं ते रडणंच.
रूमली त्याला पदराखाली घेते. पीत नाही.
तोंड लावतं, सोडतं, पुन्हा लावतं,
दमलेल्या माणसानं घोटाघोटाला तांब्या खाली ठेवावा तसं.
मग घड्याळाचा काटा बारावर येतो
आणि मी एक म्हणते.

पोट वर, पोट खाली: एक.
दोन महिन्यांच्या आतलं असेल तर साठ.
वर्षाच्या आतलं, पन्नास.
त्यापुढं पाचपर्यंत चाळीस.
याहून जास्त भरले की थांबायचं नाही.
चोपड्याच्या बिनपंख्याच्या हॉलमध्ये
आम्ही हे पाढ्यासारखं घोकलं होतं,
वीस बायका, एक प्लास्टिकची बाहुली,
आणि बाहुली श्वास घेत नव्हती.

सव्वीस, सत्तावीस.
चुलीत पऱ्हाट्या ओल्या, सगळा धूर घरातच.
पौषातली थंडी सातपुड्यावरून उतरते
ती थेट कुडाच्या फटीत.
सासू म्हणते, डबा झालाय,
भगताकडून पोटाला डाग देऊन आणू.
मी मान हलवत नाही.
मान हलवली की आकडा चुकतो.

अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास.
काटा अजून नवावरच.
श्वास आत जाताना बरगड्यांखाली खड्डा पडतो,
तापीच्या ओल्या वाळूत बोट रोवावं तसा.
दिवस भरायच्या आत आलेलं हे, पावणेदोन किलोचं.
टोचणीची तारीख हुकली
तेव्हा आईबाप गुजरातेत कापूस वेचत होते.
हे मी मोजत नाही.
हे मी यायच्या आधीच मोजून झालेलं असतं.

पासष्ट.
फोनला रेंज फक्त चिंचेखाली येते.
मी धावते.

हे मला येतं. चौदा वर्षं येतं.
त्या पोराला आता दात आलेत, मला बघून पळतं.

म्हणून बापाचं सांगते.
लोटन ओंकार, जिनिंगवर अडतीस वर्षं.
रुईच्या गाठींवर शाईनं नंबर टाकायचा,
नाकाला रुमाल नाही, तासाला एक बिडी,
आणि मागच्या दहा वर्षांची साखर.
त्या आठवड्यात त्याला ताप नव्हता.
खोकला रोजचाच, त्याला कोण विचारतो?
फक्त अर्धी भाकर ताटात उरायची.
एका संध्याकाळी ओट्यावरून म्हणाला,
"ढवळीले पानी पाज व."

ढवळी मरून वीस वर्षं झाली.

मी हसले. म्हातारा झाला, म्हटलं.
त्याच्या अंगावर गोधडी टाकली
आणि शेजारीच रजिस्टर भरत बसले.
वय शून्य ते पाच.
पाचाच्या पुढं रकाना नाही.

जळगावच्या सिव्हिलात डॉक्टरीणबाईंनी
फिल्म उजेडाला धरली.
उजव्या अंगाला, खाली, पांढरं.
मला आधी रुईच वाटली.
म्हाताऱ्यांना न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, म्हणाल्या,
कधी नुसतं भान सुटतं, कधी जेवण.
घरात कुणी श्वास मोजले होते का?
सहज विचारलं त्यांनी. पुढच्या खाटेकडे गेल्यासुद्धा.
माझ्या अंगावर आशाची गुलाबी साडी होती.

रात्री वॉर्डात ऑक्सिजनची बाटली बुडबुडत होती.
मी चादर थोडी खाली केली.
त्याचं पोट इतकं जवळून मी कधी बघितलंच नव्हतं.
घड्याळ घरी राहिलेलं, भिंतीवरचं बंद,
मोबाइलवर लावलं.
एकोणतीस, तीस.
त्यानं डोळे उघडले.
"काय मोजी ऱ्हायनी व?"
"गाठी."
जरा वेळ तो तुळईकडे बघत राहिला,
तिथं तुळई नव्हती.
"मंग नंबर टाक," म्हणाला.

पिशवीत रजिस्टर होतंच.
शेवटच्या ओळीखाली, समासाच्या बाहेर, पेन्सिलीनं:
लोटन ओंकार. वय बहात्तर. बत्तीस.